गाडी नसताना बिबवेवाडीतून वेळेत कसं पोचायचं? | एपिसोडचा मजकूर

आजचा विषय बिबवेवाडीकरांच्या रोजच्या डोकेदुखीचा. समजा तुमच्याकडे टू-व्हीलर नाही आणि सकाळी साडेनऊला शिवाजीनगरला इंटरव्ह्यू आहे. घरातून किती वाजता निघायचं?

आपण आधी मेट्रोचा विचार करतो. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. स्वारगेट, मंडई, कसबा पेठ, जिल्हा न्यायालय आणि पुढे शिवाजीनगर. हा भाग ट्रॅफिकच्या बाहेर आहे, त्यामुळे इथे उशीर होण्याची भीती कमी. वनाझ किंवा रामवाडीकडे जायचं असेल तर जिल्हा न्यायालय स्टेशनला बदलायचं. पण ते स्टेशन खूप खोल आहे, सरकते जिने चढायला थोडी मिनिटं हाताशी ठेवा.

खरी गडबड होते ती घर ते स्वारगेट या तीन-चार किलोमीटरमध्ये. आणि तिथे बसमधल्या प्रवासापेक्षा स्टॉपवर थांबण्यातच जास्त वेळ जाऊ शकतो.

का, ते बघू. समजा तासाला सहा बस आहेत. बरोबर दर दहा मिनिटांनी आल्या तर तुम्हाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल. पण त्याच सहा बस दोन-दोनच्या जोडीने आल्या तर मधलं अंतर वीस मिनिटांचं होतं आणि सरासरी थांबणं दहा मिनिटांचं. बस तेवढ्याच, थांबणं दुप्पट!

जोड्या होतात कशा? एक बस सिग्नलला अडकली की पुढच्या स्टॉपवर गर्दी साठते. ती गर्दी चढेपर्यंत बसला आणखी उशीर. मागच्या बसला माणसंच कमी मिळतात, म्हणून ती भराभर येऊन पुढचीला गाठते. यात ड्रायव्हरकाकांचा दोष नसतो.

मग करायचं काय?

एक, घरातून निघण्याआधी 'आपली पीएमपीएमएल' अ‍ॅपवर बस कुठे आहे ते बघा. खचाखच बसच्या मागेच दुसरी असेल तर ती सोडा, मागचीत बसायला जागा मिळू शकते.

दोन, जवळचा स्टॉप हाच चांगला स्टॉप असं नाही. पद्मावतीच्या बाजूला राहत असाल तर चालत सातारा रोड गाठा. २००६ मध्ये बीआरटीचा प्रयोग सुरू झाला तो याच रस्त्यावर. कात्रजहून स्वारगेटकडे जाणारे बरेच मार्ग इथे एकत्र येतात, त्यामुळे कुठलीही बस चालते. अप्परच्या बाजूला असाल तर मात्र एवढं चालणं परवडत नाही, तिथे डेपोतूनच बसा.

तीन, रिक्षाचा हिशोब करा. सप्टेंबर २०२२ च्या मीटरदराने पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७. साडेतीन किलोमीटरचे झाले ५९. तिघांनी वाटून घेतले तर माणशी २० रुपयेसुद्धा नाहीत. जून २०२५ च्या दराने पाच किलोमीटरपर्यंत बसचं तिकीट १० रुपये. रोज रिक्षा नको, पण इंटरव्ह्यूच्या दिवशी हा सौदा वाईट नाही.

आणि पास? दिवसाचा ७० रुपयांना, महिन्याचा १५०० ला. दहाच्या तिकिटाने फक्त स्वारगेटला जाऊन-येऊन करणाऱ्याचा २६ दिवसांचा खर्च ५२० होतो, त्याला पास महागच पडतो. पुढे हडपसर किंवा पिंपरीपर्यंत बसनेच जाणाऱ्याने मात्र आकडेमोड करावी. मेट्रोचं तिकीट वेगळं, हे विसरू नका.

स्वारगेट–कात्रज भुयारी मेट्रोला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. साधारण साडेपाच किलोमीटरचा तो मार्ग सुरू झाला की हे गणित बदलेल. तोपर्यंत हाताशी ठेवायचा जास्तीचा वेळ मेट्रोसाठी नको, स्वारगेटच्या अलीकडे ठेवा. साडेनऊच्या इंटरव्ह्यूसाठी नऊला स्वारगेटच्या मेट्रो स्टेशनात असायचं ठरवा आणि तिथून मागे मोजा: बसचा प्रवास, अधिक थांबण्याची वीस मिनिटं.

तुमच्या स्टॉपवर सकाळी किती थांबावं लागतं? आठवडाभर मोजा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!