वडिलांच्या मागे वाचलेली कादंबरी

एखादे पुस्तक आपण बाळपणी आवडीने वाचतो, पुढे संसाराच्या रगाड्यात ते फळीवर धूळ खात पडते, आणि आयुष्यात काही मोठे घडून गेले म्हणजे पुन्हा हाती येते. पाने तीच, अक्षरेही तीच; तरी आपण निराळेच पुस्तक वाचीत आहो की काय, असा भास होतो. असे का व्हावे, याचा थोडासा उलगडा करण्याचा आज माझा विचार आहे.

माझ्यापुरते ते पुस्तक म्हणजे हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी. हरिभाऊंना (१८६४–१९१९) मराठी कादंबरीचे युगप्रवर्तक मानतात. या त्यांच्या कथेवर १९२३ साली बाबूराव पेंटरांनी मूकपट काढला आणि १९३३ साली व्ही. शांताराम यांनी बोलपट. आमच्या भोरच्या घरी मात्र तिची कीर्ती निराळ्याच कारणाने होती. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ती मोठ्याने वाचून दाखवीत. ते वेल्ह्याकडील एका खेड्यात शिक्षक होते. शनिवारी सायंकाळी घरी येत आणि रात्री जेवणे झाली, की पुस्तक उघडीत. उदेभानाचे नाव आले की त्यांचा आवाज खाली जाई आणि आम्ही भावंडे एकमेकांना चिकटून बसत असू.

कथा आपणांस ठाऊकच आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यांत कोंढाणाही होता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी तो परत घेतला, पण त्या झुंजीत ते स्वतः पडले. येथवर इतिहास झाला. मुलाच्या, रायबाच्या, लग्नाचे आमंत्रण देण्यास आलेला बाप लग्न बाजूस ठेवून मोहिमेवर निघाला, ही हकीकत शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून लोकांच्या मुखी झाली. गडाला सिंहगड हे नाव तानाजींच्या मरणामुळे पडले असे आपण समजतो. परंतु १६६३ च्या पत्रातही ते नाव आढळते. म्हणजे इतिहास, पोवाडा आणि कादंबरी असे तीन थर या कथेत एकावर एक बसले आहेत. चौथा थर वाचकाचा. तो मात्र कधीच स्थिर नसतो.

लहानपणी मी ही कथा तानाजींच्या पाठीशी उभा राहून वाचली. कडा चढणारे ते, तलवार चालविणारे ते. रायबाकडे माझे लक्षही गेले नव्हते. गेल्या वर्षी अण्णा निवर्तले. दिवस झाल्यावर त्यांचा कपाट आवरताना ते पुस्तक सापडले, आणि त्या रात्री वाचू लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आले, की या वेळी मी रायबाच्या जागी बसलो आहे. घरात मांडवाची तयारी आहे, आणि ज्याच्या वाटेकडे डोळे लागले आहेत, तो येणार नाही.

याला एक कारण होते. मी दहा वर्षांचा असताना शाळेच्या वक्तृत्वसभेत माझे भाषण होते. अण्णांनी येण्याचे वचन दिले होते. ते आले नाहीत. त्यांच्या शाळेतील एका मुलाला ताप चढला होता. पावसात त्याला पाठीवर घेऊन ते दवाखान्यापर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणाले, “त्याला दुसरे कोणी नव्हते रे.” मला होता, हे त्यात गृहीत होते. मला ते कळले नाही. मी बक्षीस त्यांना दाखविलेच नाही, आणि त्यांनीही कधी मागितले नाही.

येथेच पुनर्वाचनाचे मर्म आहे, असे मला वाटते. कोणतीही कादंबरी सर्व पात्रांवर सारखा प्रकाश टाकीत नाही. काहींना ती कडेला ठेवते. ज्या वयात आपण वाचतो, त्या वयाला साजेसे पात्र आपण निवडतो. आईबाप गेले म्हणजे आपली जागा एकाएकी बदलते, आणि कडेचे पात्र मध्यभागी येते. शिवाय जे पुस्तक आपण दुसऱ्याच्या मुखातून ऐकले, त्यात त्या माणसाचा आवाज मुरलेला असतो. प्रत्येक विराम त्याचा असतो. म्हणून अशा वाचनात दुःख दुणावते, आणि त्याच आवाजाने थोडे हलकेही होते.

पुस्तक संपवून मी केळदजवळच्या मढेघाटावर गेलो. तानाजींचा देह याच वाटेने कोकणात त्यांच्या उमरठ गावी नेला, आणि त्यावरून घाटाला हे नाव पडले, असे या भागात परंपरेने सांगतात. लोककथा सिंहगडाच्या विजयावर थांबत नाही. बापाला त्याच्या घरी पोचवूनच ती थांबते. पुढे रायबाचे लग्न महाराजांनी स्वतः लावून दिले, असेही लोक सांगतात. त्या लग्नमंडपात रायबाच्या मनात काय आले असेल, हे मात्र कोणी सांगत नाही. तो हिशेब ज्याचा त्याने करावयाचा असतो.

माझा हिशेब मी घाटमाथ्यावर बसून केला. ज्या मुलाला अण्णांनी पाठीवर नेले, त्याच्या जागी मी असतो, तर माझ्यासाठीही ते तितकेच चालले असते. हे मला दहाव्या वर्षी समजावयास हवे होते. समजण्यास चाळीस वर्षे आणि एक कादंबरी लागली.

आपल्या घरीही असे एखादे पुस्तक असेल. ज्यांनी ते आपणांस वाचून दाखविले, ते अजून हयात असतील, तर आज रात्री ते त्यांच्याजवळ नेऊन द्या आणि दोन पाने वाचावयास सांगा. ते नसतील, तर स्वतः मोठ्याने वाचा. कोठे थांबावयाचे, ते आपोआप आठवेल.