हिरड्यांचे विकार : जिवाणूंची भूमिका व रोगाची वाटचाल

प्रस्तावना :
जोगेश्वरीसारख्या उपनगरात सकाळची लोकल गाठण्याच्या घाईत दात घासताना थुंकीत रक्त दिसले, तरी त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. दुखत नाही, म्हणजे आजार नाही, असा समज रूढ आहे. वस्तुतः पायोरिया या नावाने परिचित असलेल्या विकाराची ती पहिली सूचना असते. या विकारातील जिवाणूंचे कार्य स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जिवाणूंचा थर :
मानवी मुखात जिवाणूंच्या सुमारे 700 प्रजाती आढळतात. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. दात स्वच्छ न केल्यास हिरडीच्या कडेला त्यांचा चिकट थर साचतो. त्यास प्लाक म्हणतात. लाळेतील क्षारांमुळे तो कठीण होऊन टार्टर बनतो. 1965 मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो व सहकाऱ्यांनी 12 निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवण्यास सांगितले. 10 ते 21 दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. जिवाणूंचा थर हेच हिरडीदाहाचे कारण असल्याचे यावरून सिद्ध झाले.

रोगाची वाटचाल :
दात व हिरडी यांमधील फट निरोगी अवस्थेत 1 ते 3 मिलिमीटर खोल असते. सुजेमुळे ती खोल होते व तेथे प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूंना आश्रय मिळतो. पोर्फिरोमोनास जिंजिवॅलिस, टॅनेरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला हे त्यांतील प्रमुख होत. त्यांचा प्रतिकार करताना शरीराची संरक्षणयंत्रणाच दाताभोवतालचे हाड झिजवू लागते. हिरडीदाह बरा होतो; झिजलेले हाड मात्र सहसा आपोआप भरून येत नाही. अखेरीस दात हलू लागतो.

पूरक घटक व गैरसमज :
अनियंत्रित मधुमेह रोगास गती देतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोगाची चाहूल उशिरा लागते. महाराष्ट्रातील अनेक घरांत तंबाखू भाजून केलेली मशेरी दातांना लावली जाते. तिने फटीतील थर निघत नाही, उलट हिरडीला इजा होते. रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश न फिरवणे म्हणजे जिवाणूंना मोकळे रान देणे होय. दंतवैद्याकडून टार्टर काढून घेतल्याने दात सैल होतात, हा समजही चुकीचा आहे. टार्टरने व्यापलेली फट उघडी पडते व अगोदरच झालेली झीज तेव्हा जाणवते, इतकेच.

निष्कर्ष :
रक्त येण्याची अवस्था ही परतीची शेवटची सोपी वाट आहे. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने हिरडीच्या कडेपर्यंत स्वच्छता, तंबाखूचा त्याग व दंतवैद्याकडून नियमित तपासणी हे उपाय त्याच टप्प्यावर अंगीकारले, तर दात वाचतात. मुंबई सेंट्रल येथील महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय जोगेश्वरीहून पश्चिम रेल्वेच्या त्याच मार्गावर आहे. उपचाराची सोय दूर नाही. थुंकीतील रक्ताची वेळीच दखल घेणे तेवढे आवश्यक आहे.