पोटगी थकली, परवाना अडकला?

विश्रांतवाडीच्या एका अंगाला, आळंदी रस्त्यावर फुलेनगरचे आरटीओ आहे. दुसऱ्या अंगाला जेल रस्ता येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहाकडे जातो. मुलांची पोटगी थकवणाऱ्या बापाला वठणीवर आणायचे कसे, या प्रश्नाची जगभरात दिली जाणारी दोन उत्तरे जणू या दोन वास्तूंत आहेत. आपला कायदा कारागृहाचा रस्ता धरतो, तर अमेरिकेने परवान्याच्या खिडकीचा धरला.

अमेरिकी काँग्रेसने १९९६ मध्ये कल्याणकारी योजनांत फेरबदल करणारा कायदा केला. त्यानुसार पोटगी थकवणाऱ्याचा वाहन चालवण्याचा, व्यवसायाचा, तसेच शिकार, मासेमारी अशा करमणुकीचा परवाना रोखण्याची सोय प्रत्येक राज्याला करावी लागली. थकबाकी २५०० डॉलरच्या वर गेली, तर पासपोर्टही नाकारला जातो. त्यातही करमणुकीच्या परवान्याचे तर्कशास्त्र मोठे मार्मिक आहे. टॅक्सीवाल्याचा परवाना काढून घेतला तर त्याची कमाईच बुडते आणि मुलाच्या हाती काहीच पडत नाही. वाहन परवान्याच्या कारवाईवर तिकडे हीच टीका होत आली आहे. हरणामागे बंदूक घेऊन फिरण्याची हौस मात्र थांबली तरी कोणाची चूल विझत नाही.

ही युक्ती जशीच्या तशी आपल्याकडे आणता येणार नाही. हौशी शिकारीचा परवाना भारतात मिळतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला चाप लावला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली वाटही बंद केली. महाराष्ट्रात करमणुकीचा म्हणावा असा एक परवाना आहे, तो मद्यप्राशनाचा! १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार तो बाळगणे बंधनकारक आहे, हे अनेक पिणाऱ्यांच्या गावीही नसते. त्यामुळे तो रद्द करण्याच्या धमकीने कोणाचा पेला हातातून गळून पडेल, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही. वाहन परवान्याबाबत, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९ वे कलम अपात्रतेची कारणे सांगते. सराईत गुन्हेगारी, व्यसनाधीनता, धोकादायक वाहन चालवणे ही त्यांपैकी काही. थकलेली पोटगी त्यांत नाही.

मग आपल्याकडे आहे काय? फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम झाले. गाभा तोच राहिला. आदेश होऊनही रक्कम दिली नाही, तर दंडाच्या वसुलीप्रमाणे वॉरंट निघते. त्यानंतरही बाकी राहिली, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पैसे भरताच सुटका. आत राहून आले की हिशेब मिटला, असा काहींचा समज असतो, तो चुकीचा आहे. कैद हे वसुलीचे साधन आहे, कर्जमुक्तीचे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या खटल्यात स्पष्ट केले आहे.

येथे एक खाचखळगा आईने ध्यानात ठेवावा. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर तिच्यासाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही. ‘देईल आज ना उद्या’ म्हणून वाट पाहणारीचेच त्यात नुकसान होते.

कैदेपेक्षा पगाराला हात घालणे अधिक परिणामकारक, हा अनुभव जुना आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने इतर कर्जांच्या वसुलीत पगाराचा मोठा भाग जप्तीपासून वाचवला आहे. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र पगाराचा केवळ एकतृतीयांश भाग सुरक्षित राहतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यान्वये दंडाधिकारी थेट मालकालाच पगारातून रक्कम वळती करण्यास सांगू शकतात. लष्कर आणि हवाई दलाची वस्ती असलेल्या विश्रांतवाडी, धानोरी, लोहगाव या पट्ट्यात आणखी एक तरतूद ठाऊक असायला हवी. जवानाच्या वा अधिकाऱ्याच्या वेतनातून पत्नी व मुलांच्या निर्वाहाची रक्कम कापण्याचा अधिकार १९५० च्या लष्कर कायद्यातच आहे. हवाई दलाच्या कायद्यातही तशी सोय आहे.

अडचण होते ती ज्याच्या हाती पगाराची चिठ्ठीच नाही त्याच्यापाशी. दुकान भावाच्या नावावर, मोटार आईच्या नावावर, आणि न्यायालयात मात्र ‘मी बेकार आहे’. यावर नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणाने उपाय दिला. तेथे पत्नीला दरमहा १५ हजार रुपये, तर मुलाला आधी ५ हजार आणि पुढे १० हजार रुपये अंतरिम पोटगी ठरली होती. रजनीश विरुद्ध नेहा या त्या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मालमत्ता व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरवले.

परवान्याच्या वाटेने जाणारी एक अंधूक पायवाट आपल्याकडेही आहे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या १० व्या कलमानुसार, न्यायालयाने अटकेचे वॉरंट काढल्याचे निदर्शनास आणल्यास पासपोर्ट जप्त होऊ शकतो. परदेशी नोकरीच्या उंबरठ्यावर उभा असलेला बाप फुलेनगरच्या परवान्याहून याला अधिक घाबरेल. मात्र कारवाई आपोआप होत नाही. वॉरंटची प्रत घेऊन पासपोर्ट कार्यालयाचा उंबरठा आईलाच झिजवावा लागतो.