नापास पावतीवरचे दोन आकडे

पीयूसीत गाडी नापास झाली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘आता किती घेणार?’ जून २०२१मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने देशभरासाठी एकाच नमुन्याचं पीयूसी प्रमाणपत्र आणलं. त्याच अधिसूचनेत नापास गाडीलाही पावती द्यायची तरतूद झाली, पण तिची फारशी चर्चा झाली नाही. या पावतीवर धुरातले आकडे असतात. ती मेकॅनिकला दाखवायची, आणि यंत्राबद्दलच शंका असेल तर दुसऱ्या केंद्रावर जाऊन पडताळून घ्यायची. लोक मात्र ती चुरगाळून खिशात घालतात आणि ‘जरा ॲडजस्ट’ करणारं दुसरं केंद्र शोधायला निघतात.

जयपुरात पेट्रोल पंपाच्या आवारात नाहीतर रस्त्याच्या कडेला ‘प्रदूषण जांच केंद्र’ असं रंगवलेली व्हॅन उभी असते. आत एक संगणक, नंबरप्लेटचा फोटो काढणारा कॅमेरा आणि गॅस ॲनालायझर, एवढाच संसार. ॲनालायझरची नळी सायलेन्सरच्या तोंडातून चांगली फूटभर आत सरकवतात. खेचलेला धूर आधी गाळणीतून जातो, पाणी आणि काजळी तिथेच अडते. मग तो एका छोट्या कोठीत येतो आणि त्यातून अवरक्त किरण सोडले जातात. कार्बन मोनॉक्साइड (सीओ) साधारण ४.६ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण शोषतो, न जळालेलं पेट्रोल म्हणजे हायड्रोकार्बन (एचसी) ३.४च्या आसपासचे. पलीकडे किरण जितके कमी पोहोचतील, तितका वायू जास्त. नळी अर्धवट घातली किंवा सायलेन्सरला भोक असलं, तर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटाच चांगला येतो. त्यामुळे जाणता मेकॅनिक पावती हातात घेण्याआधी गाडीखाली वाकून सायलेन्सर बघतो.

मर्यादा गाडीच्या वयानुसार बदलतात. भारत स्टेजच्या आधीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर ३ टक्के सीओ आणि १५०० पीपीएम एचसी चालतं. बीएस-२ आणि बीएस-३ला ०.५ टक्के आणि ७५०. बीएस-४ला ०.३ टक्के आणि २००, शिवाय इंजिन २५०० फेऱ्यांच्या आसपास ठेवून दुसरी चाचणी. म्हणजे जुन्या गाडीला भरपूर सूट आहे, आणि तरीही ती नापास होत असेल तर दोष वयाचा कमी आणि देखभालीचा जास्त.

मुंबईहून बदलीवर जयपूरला आलेल्या एका मराठी कुटुंबाची १९९४ची मारुती ८०० घ्या. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर, डॅशबोर्डवर ओढायचा चोक. तिच्या पावतीवर सीओ ४.६ आणि एचसी ९०० आलं. घरच्यांचं म्हणणं, ‘इंजिन संपलं, आता विकून टाकू.’ पावती बघून मिस्त्री मात्र हसला. सीओ चढलेला आणि एचसी मर्यादेत, म्हणजे ठिणगी बरोबर पडतेय, तिन्ही सिलिंडर जळताहेत, फक्त हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. गाडी ‘रिच’ चालली आहे. याच्या उलट सीओ कमी आणि एचसी आकाशाला भिडलेला असता, तर त्याने कार्बोरेटरला हातही लावला नसता. तेव्हा संशय प्लगवर, पॉइंटच्या गॅपवर, तडकलेल्या प्लगच्या वायरीवर, नाहीतर कुठून तरी हवा खेचणाऱ्या गॅस्केटवर. गाडी मिसिंग करत असते, आणि न पेटलेलं पेट्रोल जसंच्या तसं बाहेर पडतं. दोन्ही आकडे चढलेले असले की आधी रिच मिश्रण आवरायचं, मग काजळलेले प्लग बघायचे. हा क्रम उलटा केला की नवे प्लगही आठवडाभरात काळे.

रिच होण्याची कारणं जयपुरात आयतीच मिळतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवा मुंबईपेक्षा चार-पाच टक्क्यांनी विरळ. त्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की ती आणखी विरळ होते. कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. त्याची जेटं ठरलेल्या मापाची, ती आपली पेट्रोल सोडत राहतात. पण यामुळे सीओ थोडाच वाढतो. खरा उपद्रव धुळीचा. उन्हाळ्यात थरच्या बाजूने आंधी येते, तासाभरात शहर पिवळं करते आणि एअर फिल्टरमध्ये मुक्काम ठोकते. या गाडीचा फिल्टर मिस्त्रीने काढून जमिनीवर आपटला, तर मुठीत मावणार नाही इतकी रेती निघाली. नवा घातला. सीओ ३.९. अजून नापासच.

मग त्याने चोकची केबल धरली. नॉब पूर्ण आत होता, पण वर कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेली पाकळी पूर्ण उभी झालेली नव्हती. बोटाने ढकलली तर गेली, सोडल्यावर परत झुकली. केबलच्या आवरणात धूळ आणि जुनं ग्रीस मिळून लेप झाला होता. म्हणजे ही गाडी कित्येक महिने अर्धा चोक ओढून जयपूरच्या उन्हात फिरत होती, आणि मालक ॲव्हरेज पडलं म्हणून पंपवाल्याला शिव्या देत होते. केबल धुतली. मग कार्बोरेटर उघडला. जेटाशेजारी केसाएवढी बारीक हवेची भोकं असतात, पेट्रोलमध्ये आधीच थोडी हवा मिसळायला. तीही बुजलेली. तिथे तार घालायची नाही, भोक मोठं होतं आणि कार्बोरेटर कायमचा बिघडतो. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. फ्लोटची पिन घासली आहे का, चेंबरमधली पेट्रोलची पातळी चढते का, तेही पाहिलं.

शेवटचं काम स्क्रूचं, आणि कसब तिथेच दिसतं. इंजिन चांगलं तापवून, ॲनालायझर जोडून, मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव आटा आत घ्यायचा. सीओ उतरू लागतो: ३, २.६, २.१. हावरटपणा करून आणखी कसला की इंजिन थरथरतं आणि एचसी उसळी मारतो, कारण आता पेट्रोल इतकं कमी पडतंय की एखादा सिलिंडर पेट घेतच नाही. मिस्त्री स्क्रीनकडे बघत नव्हता. स्क्रू ड्रायव्हरची मूठ तळव्यात धरून, मान वळवून इंजिन ऐकत होता. थरथर सुरू झाली तिथून किंचित मागे आणून थांबला. सीओ १.८, एचसी ४२०.

इंजेक्शनच्या गाडीत हा स्क्रू नाही, आणि तिथे लोक जास्त पैसे घालवतात. एमपीएफआय गाडी रिच चालत असेल तर ऑक्सिजन सेन्सर सुस्तावलेला असतो, किंवा तापमानाचा सेन्सर ‘इंजिन अजून थंड आहे’ असं सांगत राहतो आणि संगणक बापडा पेट्रोल वाढवत जातो. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिनेकशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही, म्हणून थंड गाडी चाचणीला नेणं म्हणजे हटकून नापास होणं. आधी आठ-दहा किलोमीटर पळवून आणावी. कन्व्हर्टर चोंदला की त्याची आतली जाळी फोडून रिकामा डबा परत बसवणारेही बाजारात आहेत. गाडी हलकी पळते, मालक खूश होतो, आणि पुढच्या पीयूसीला ०.५ची मर्यादा गाठता गाठता नाकी नऊ येतात. रोगाचं कारण न शोधता नवा कन्व्हर्टर बसवणं हाही मूर्खपणाच. रिच मिश्रण तोही जाळून टाकतं.

डिझेलचं गणित वेगळं. तिथे आयडलिंगला महत्त्व नाही, ॲक्सिलरेटर दाबून धुराचा गडदपणा मोजतात. काळा धूर नोझल किंवा एअर फिल्टरचा. निळा धूर आला तर ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. मग बोअर करायचा की गाडी मोडीत काढायची, हा घरच्या बजेटचा प्रश्न.

या चाचणीवर माझा मुख्य आक्षेप असा की जुन्या पेट्रोल गाडीला ती फक्त उभ्यानेच तपासते. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाही, सूक्ष्म कणही नाहीत. आयडलिंगचा स्क्रू कसून पास व्हायचं आणि वळणावर गेल्यावर पुन्हा सैल करायचा, हा धंदा गॅरेजपासून व्हॅनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. सक्तीचे फास मात्र घट्ट होत गेले. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नका असं सांगितलं होतं (ती अट २०२४मध्ये मागे घेतली), २०१९च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा १०,००० रुपयांवर नेली, आणि एप्रिल २०२२पासून १५ वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६००वरून ५,००० झाली. दिल्लीत तर १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचाच बडगा उगारला गेला, धूर कितीही स्वच्छ असो. जयपूर त्या कक्षेबाहेर आहे, म्हणून इथल्या गाडीला अजून आकड्यांवर आपली बाजू मांडता येते. दरवर्षीच्या व्हिंटेज मेळ्यात लखलखणाऱ्या गाड्यांचं कौतुक ठीकच, पण त्या वर्षातून मोजके दिवस रस्त्यावर येतात. रोज भाजी आणि शाळेच्या फेऱ्या करणारी ही मारुती अधिक धूर ओकते आणि अधिक दुरुस्तीलायकही आहे.

मिस्त्रीने स्क्रूवर रंगाचा ठिपका दिला, कुणी फिरवला तर कळावं म्हणून. बिल झालं फिल्टर, क्लीनर आणि मजुरीचं. इंजिन उघडावंच लागलं नाही. प्रमाणपत्र सहा महिन्यांचं आहे. त्याने मालकांना बजावलं, ‘तारखेची वाट बघू नका, आंधीचा मोसम सरला की जुलैत फिल्टर झटकायला या.’