प्रक्रियकातील पुनरावर्ती दोषांचे निदान

लिनक्स प्रणालीवरील लॅपटॉप ‘हार्डवेअर एरर’ अशी नोंद वारंवार करू लागला की प्रक्रियक निकामी झाला, असा निष्कर्ष सहज काढला जातो. लॅपटॉपमध्ये प्रक्रियक बहुधा मुख्य पटलासच जोडलेला असल्याने हा निष्कर्ष चुकल्यास फार महाग पडतो.

इंटेलने १९९५ साली पेंटियम प्रोमध्ये योजलेल्या पद्धतीनुसार प्रक्रियकाचे निरनिराळे विभाग आपापल्या ‘बँके’त ६४ बिटांची स्थिती नोंदवितात. त्यांपैकी ६१ क्रमांकाचा बिट शून्य असल्यास दोष जागच्या जागी सुधारला गेला, एक असल्यास तो सुधारता आला नाही, असे समजावे. बँकेचा अर्थ मात्र प्रक्रियकाच्या घराण्यानुसार बदलतो. म्हणून नोंदीचा उलगडा ‘रासडेमन’सारख्या साधनाने करावा.

निदानाचा खरा आधार एका नोंदीत नसून पुनरावृत्तीच्या स्वरूपात असतो. एकाकी, सुधारलेला दोष विश्वकिरणांमुळेही उद्भवू शकतो. तीच बँक व तोच संकेत पुन:पुन्हा आढळल्यास तो विशिष्ट भाग संशयास्पद ठरतो. भाराबरोबर नोंदी वाढत असतील, तर प्रथम शीतन तपासावे; अलोरे येथील वैशाखातील उष्म्यात धुळीने कोंदलेला पंखा हेही कारण पुरेसे असते. जुन्या लिनक्स-कर्नेलांत तर तापमानमर्यादेची निव्वळ सूचनाही दोषनोंदींतच मिसळत असे.

सारांश, प्रथम माहितीची प्रत काढावी. नंतर बायोस व मायक्रोकोड अद्ययावत करून शीतन आणि स्मृती यांची क्रमाने परीक्षा करावी. प्रत्येक पायरीनंतर नोंदी पुन्हा मोजाव्यात. तरीही तीच बँक बोलत राहिली, तरच प्रक्रियकास दोषी मानावे.