चारोळीचा धंदा करायचाय? आधी 5 किलो बी फोडून बघा

बासुंदीवर चिमूटभर चारोळी टाकताना आपला हात आखडतो, कारण भाव! तो भाव ऐकूनच अनेकांना वाटतं, आपणही चारोळी विकावी. जरूर विका, पण आधी हिशोब समजून घ्या.

चार हे जंगलातलं झाड. गडचिरोली, गोंदिया, मेळघाट आणि पुढे छत्तीसगड, मध्य प्रदेशातल्या पानझडी जंगलात ते आपोआप वाढतं. उन्हाळ्यात फळं पिकून काळी होतात. वरचा गर आंबटगोड, पोरं चोखून खातात. फळं भिजवून चोळली की आत टणक बी राहते. ती वाळवायची, जात्यावर हलक्या हाताने भरडायची, पाखडायची. मग कुठे चारोळी हाती लागते. बस्तरमध्ये एकेकाळी व्यापारी हीच चारोळी मिठाच्या बदल्यात न्यायचे!

आता हिशोब. 2020 साली केंद्र सरकारने चारोळीच्या बीला किलोला 126 रुपये किमान आधारभूत किंमत ठरवली. समजा, तुम्ही 130 ने बी घेतली. 4 किलोतून 1 किलो चारोळी निघाली, तर कच्चा मालच 520 रुपयांचा. तेवढ्याच चारोळीला 5 किलो बी लागली, तर 650. म्हणजे 130 रुपये तिथेच गेले. म्हणून पोतं उचलण्याआधी 5 किलो फोडा, वजन करा, मगच भाव बोला.

हा फरक पडतो कशाने? मुख्यतः कच्च्या तोडणीने. ‘आपण नाही तोडलं तर दुसरा तोडेल’ म्हणून हिरवी फळंच ओरबाडली जातात, कधी अख्खी फांदी छाटतात. दाणा सुरकुतलेला निघतो, आणि छाटलेल्या फांदीला पुढच्या वर्षी फळ कुठून येणार? गावाला आधीच सांगा: पिकलेल्या काळ्या फळाच्या बीला किलोमागे जास्त देईन. आणि तो शब्द पाळा. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर तिथल्या वनहक्कधारकांची मालकी मानली आहे, त्यामुळे बोलणी ग्रामसभेशी करा. वाहतुकीच्या कागदांचीही तिथेच चौकशी करा.

अजून एक. चारोळीत निम्म्याच्या आसपास तेल असतं, त्यामुळे ती लवकर खवट होते. सगळा माल एकदम फोडून ठेवू नका. बी कवचासकट कोरड्या जागी ठेवा आणि ऑर्डर येईल तेवढीच फोडा.