अर्धशिशीचा निरोप्या

सीजीआरपी हे अवघ्या ३७ अमिनो आम्लांचं न्यूरोपेप्टाइड. चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल चेतातंतूंतून ते बाहेर पडतं. निरोप द्यायला त्याला पेशीत शिरावं लागत नाही. पेशीपटलावरच्या ग्राहकाला ते बिलगलं की पुरे. हा ग्राहक मात्र विलक्षण! त्यातलं सीएलआर हे प्रथिन पटलातून सात वेळा आरपार जातं, तरी रॅम्प-१ या छोट्या जोडीदाराशिवाय सीजीआरपीला ओळखत नाही. जोडी जमली की आतल्या बाजूचं जी-प्रथिन जागं होतं, सायक्लिक एएमपी वाढतं आणि रक्तवाहिनीचे स्नायू सैलावतात.

अर्धशिशी टाळण्यासाठी अमेरिकेत २०१८मध्ये मंजूर झालेलं एरेनुमॅब हे प्रतिपिंड याच ग्राहकाला अडवतं. तोवर त्यासाठी अनेक रुग्ण मुळात रक्तदाबासाठी किंवा फिट्ससाठी बनलेल्या गोळ्यांवरच दिवस काढत होते.